आपल्या वाडवडिलांचे देव कोण होते?

(वाचनपाठ : प्रेषितांचीं कृत्यें १७ : १६–३४, १ करिंथ ८ : १–६)

बीड जिल्ह्यांतील लिंबागणेश ह्या गांवीं भालचंद्र गणपतीचें प्रसिद्ध देऊळ आहे. गांवाच्या नांवांतच देवाचें नांव आहे. चतुर्थीस आसपासच्या खेड्यांतील लोक तेथें दर्शनास येतात. अशा गांवीं जें ख्रिस्ती कुटुंब राहतें, त्यास आपल्या प्रभूविषयीं बोलण्यापूर्वीं शेजाऱ्याच्या देवाविषयीं कांहीं तरी उत्तर द्यावेंच लागतें. शेजारी विचारतो, “तुम्ही आमच्या देवास काय समजतां?” घरांतील वृद्ध आजी त्याहून कठीण प्रश्न विचारते : “माझ्या आईनें जन्मभर मरीआईला हात जोडले. गांवच्या देवळांत आम्हांला पाऊल टाकूं देत नसत, तरी दुरून तिनें डोकें टेकलें. तें सगळें कोणाला पोंचलें?” पहिल्या प्रश्नांत शेजारधर्म गुंतलेला आहे, आणि दुसऱ्यांत आपल्या मेलेल्या माणसांविषयींची माया गुंतलेली आहे.

उपदेशक बंधूंनो, अशा प्रश्नांस घाईनें उत्तर देणें सोपें आहे. पण घाईचें उत्तर पिढ्यान्‌पिढ्या बोचत राहतें. हा प्रश्न आपल्यालाच प्रथम पडला असेंही नाहीं. एक हजार वर्षांपूर्वीं उत्तर यूरोपांतील ख्रिस्ती पंडितांस तो पडला होता, आणि चारशें वर्षांपूर्वीं गोमंतकांत मराठी ओव्या रचणाऱ्या पाद्र्यांसही तो पडला होता. त्यांनीं काय उत्तरें दिलीं, त्यांत खरें किती व खोटें किती, हें ह्या पाठांत पाहूं.

उत्तरेकडील देव

आज इंग्लंड, जर्मनी, डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, आइसलंड हे देश ख्रिस्ती परंपरेचे म्हणून ओळखले जातात. पण त्यांचेही पूर्वज एके काळीं अनेक देवांस भजत. ओदिन हा त्यांचा ज्ञानाचा व युद्धाचा एकाक्ष देव, थॉर हा हातोडा चालविणारा मेघगर्जनेचा देव, आणि फ्रिग ही ओदिनाची राणी. त्यांची खूण इंग्रजी वारांच्या नांवांत अजून राहिली आहे. ‘वेन्स्डे’ म्हणजे ओदिनाचा दिवस, व ‘थर्सडे’ म्हणजे थॉराचा दिवस. आपण त्यांस बुधवार व गुरुवार म्हणतों, म्हणजे बुध व बृहस्पति ह्या ग्रहांचे वार. गुरुवारीं उपासनेस जमणारा ख्रिस्ती मनुष्य बृहस्पतीची पूजा करीत नाहीं, आणि थर्सडे म्हणणारा इंग्रज थॉरास बळी देत नाहीं. देव गेला, नांव राहिलें. ह्या देवांविषयीं त्या देशांतील ख्रिस्ती पंडितांनीं मुख्यतः तीन उत्तरें दिलीं.

पहिलें उत्तर : ते भुतें होत

पहिलें उत्तर असें कीं, हे देव म्हणजे सैतानाचे दूत. पौलानेंही करिंथच्या मंडळीस सावध करितांना मूर्तींच्या यज्ञांचा संबंध भुतांशीं जोडला आहे. तेव्हां हें उत्तर अगदींच निराधार नव्हतें. जर्मनीच्या सॅक्सन लोकांस बाप्तिस्मा देतांना जी शपथ घेववीत, तिचा जुना पाठ आजही उपलब्ध आहे. तींत सैतानाचा त्याग करितांना थॉर, वोडन (म्हणजेच ओदिन) व सॅक्सनोट ह्या देवांचीं नांवें घेऊन त्यांचाही त्याग करावा लागे.

ह्या उत्तराचा परिणाम कोठपर्यंत जातो ह्याविषयीं एक कथा आहे. फ्रिझियन लोकांचा राजा राडबोद हा इ. स. ७१९ सालीं मरण पावला. मागाहून लिहिलेल्या एका साधुचरित्रांत असें सांगितलें आहे कीं, हा राजा बाप्तिस्म्यासाठीं कुंडापाशीं आला, एक पाय पाण्यांत टाकला, आणि थांबून विचारता झाला, “माझे पूर्वज कोठें आहेत?” पाद्रीसाहेबांनीं उत्तर दिलें कीं, ते खचित नरकांत आहेत. तेव्हां राजानें पाय मागें घेतला, आणि थोडक्या गरीब लोकांबरोबर स्वर्गांत बसण्यापेक्षां आपल्या माणसांबरोबर राहणें बरें, असें म्हणून तो निघून गेला. कथा अक्षरशः घडली असेल वा नसेल. पण ती ख्रिस्ती लेखकानेंच लिहून ठेविली. आपल्या आजीच्या प्रश्नांत आणि ह्या राजाच्या प्रश्नांत आम्हांस तिळमात्र अंतर दिसत नाहीं.

दुसरें उत्तर : ते माणसें होत

दुसरें उत्तर असें कीं, हे देव पूर्वीं माणसेंच होतीं. लोकांनीं त्यांस मागून देव केलें. हें मत ख्रिस्तापूर्वीं ग्रीक देशांत युहेमेरस नांवाच्या लेखकानें मांडलें होतें. शलमोनाच्या नांवावर चालत आलेल्या ‘ज्ञान’ नामक ग्रंथांतही, एका दुःखी बापानें मेलेल्या मुलाची प्रतिमा केली व पुढें तिचीच पूजा सुरू झाली, असा विचार आहे.

इंग्लंडांत इ. स. १००० च्या सुमारास एल्फ्रिक नांवाच्या मठवासी पंडितानें खोट्या देवांविषयीं एक प्रवचन लिहिलें. त्या वेळीं डेन लोकांच्या स्वाऱ्या व वसाहती ह्यांमुळें थॉर व ओदिन इंग्रजांच्या दाराशींच होते. एल्फ्रिक म्हणतो कीं, हीं दुष्ट पण बलाढ्य माणसें होतीं. डेनांचा थॉर तोच रोमन ज्युपिटर, व ओदिन तोच रोमन मर्क्युरी, असेंही तो धरून चालतो. आतां रोमन ग्रंथांत ज्युपिटर हा बाप व मर्क्युरी हा मुलगा. आणि डेन लोक तर ओदिनास बाप व थॉरास मुलगा म्हणत. एल्फ्रिकानें काय केलें? आपली जोडी चुकली असेल असें त्याच्या मनांत आलें नाहीं. डेन लोकांसच आपले देव नीट ठाऊक नाहींत, कारण ग्रंथांत वेगळें लिहिलें आहे, असें त्यानें ठरविलें! ज्याचा देव त्यालाच न विचारतां पोथीवरून त्याचा अर्थ ठरविणें, ही चूक येथें स्पष्ट दिसते.

आइसलंड बेटानें इ. स. १००० च्या सुमारास लोकसभेंत निर्णय करून ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर सुमारें दोनशेंवीस वर्षांनीं स्नोरी स्टुर्लुसोन (११७९–१२४१) ह्या ख्रिस्ती पंडितानें ‘एड्डा’ नांवाचा ग्रंथ रचला. तरुण कवींस जुन्या काव्यांतील संकेत कळेनासे झाले होते, म्हणून त्यानें जुन्या देवांच्या कथा व्यवस्थित लिहून काढल्या, आणि ख्रिस्ती लोकांनीं ह्या देवांवर विश्वास ठेवूं नये असेंही बजाविलें. त्याच्या मतें हे देव म्हणजे आशिया खंडांतील ट्रॉय नगराहून उत्तरेस आलेले शहाणे राजे. देवांच्या कुळास ‘एसिर’ म्हणत, आणि हा शब्द ‘आशिया’ वरूनच आला असें त्यानें मानलें. त्याच्याच नांवावर असलेल्या दुसऱ्या एका ग्रंथांत ओदिन हा मंत्रविद्येंत निपुण असा राजा असून तो स्वीडनांत आजारी पडून अंथरुणावर मेला, असें वर्णन आहे. डेन्मार्कचा इतिहासकार साक्सो ह्यानेंही त्याच सुमारास ह्या देवांस ठकविणारे जादूगार ठरविलें.

तिसरें उत्तर : तो अंधारांतील शोध होय

स्नोरीच्या ग्रंथाच्या आरंभीं आणखी एक विचार आहे, आणि तो आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. तो म्हणतो कीं, माणसें देवाचें नांव विसरलीं. तरी पृथ्वीची रचना, जीवांचें जगणें व ताऱ्यांची नेमलेली चाल पाहून ह्या सर्वांस कोणी तरी चालविणारा असला पाहिजे, असें त्यांनीं ताडलें. परंतु आत्मिक ज्ञान नसल्यामुळें तें त्यांनीं ऐहिक बुद्धीनेंच समजून घेतलें. ह्या उत्तरांत पूर्वज दुष्टही नाहींत व मूर्खही नाहींत. ते चांचपडत होते. अथेनै नगरांत पौलानें अज्ञात देवाची वेदी पाहून जें भाषण केलें, त्याचाही रोख हाच आहे.

मराठी मुलखांतील तोच प्रश्न

आतां आपल्या भाषेकडे वळूं. गोमंतकांत पोर्तुगीज सत्तेखालीं हाच प्रश्न मराठींत विचारला गेला. १५५९ च्या सुमारास एका नव्या ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणानें दुसऱ्या एका ब्राह्मणाच्या घरांतून मराठी पोथ्या बळानें आणल्या, आणि हिंदु धर्माचें खंडन करण्यासाठीं त्यांचीं भाषांतरें झालीं, असें जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांतून कळतें. १५६७ सालीं साष्टी प्रांतांतील देवळें पाडण्यांत आलीं. जेथें देव म्हणजे भूत एवढेंच उत्तर होतें आणि हातांत राज्यसत्ताही होती, तेथें असा परिणाम झाला. ह्याची आठवण ख्रिस्ती मनुष्यानें लपवूं नये.

१५७९ सालीं टॉमस स्टीफन्स नांवाचे इंग्रज जेझुइट गोव्यास आले. त्यांनीं आपली भाषा मन लावून शिकून ‘ख्रिस्तपुराण’ रचलें, व तें १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्यांत दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. ह्या पुराणाच्या आरंभींच नव्या ख्रिस्ती लोकांची तक्रार आहे कीं, आमचीं जुनीं पुराणें तर तुम्ही बंद केलीं, मग त्यांच्या जागीं दुसरें कांहीं कां देत नाहीं? हा प्रश्न न्याय्य होता. ज्याच्या घरांतून गाणें व गोष्ट काढून घेतली, त्याचें घर मुकें होतें. स्टीफन्स ह्यांनीं ओवी तीच ठेविली, आणि स्वर्गास ‘वैकुंठ’ हा लोकांच्या तोंडचा शब्दही वापरला. कथा मात्र पवित्र शास्त्राची सांगितली.

त्यांच्या मागून एत्येन द ला क्रुआ ह्या फ्रेंच जेझुइटांनीं १६२९ सालीं पेत्र प्रेषिताच्या चरित्रावर मराठी ओवीबद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या नांवांतच पूर्वेकडील अन्य धर्मांच्या मुख्य चुकांचें खंडन करण्याचा हेतु सांगितला आहे. खंडनासाठीं आधीं त्या देवांच्या कथा सांगाव्या लागल्या. ह्यांत एक विलक्षण गोष्ट घडली. पोर्तुगालांतील ब्रागा येथील ग्रंथालयांत पाद्र्यांनीं रोमन लिपींत उतरवून घेतलेल्या रामायण-महाभारताच्या कोंकणी व मराठी कथा आजही आहेत, आणि त्या जुन्या भाषेच्या अभ्यासकांस मोलाच्या ठरल्या आहेत. स्नोरीनें ज्या देवांवर विश्वास ठेवूं नका असें सांगितलें, त्यांच्या कथा त्याच्याचमुळें पुष्कळ अंशीं टिकल्या. येथेंही कांहींसें तसेंच झालें.

पुढें इंग्रजी अंमलांत मुंबईस डॉ. जॉन विल्सन व मोरभट दांडेकर ह्यांचा वाद झाला, आणि १८३२ सालीं विल्सन साहेबांनीं हिंदु धर्माच्या खंडनाचें पुस्तक काढलें. पुराणांतील देवांच्या वर्तनांत नीतीचे दोष दाखविणें, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक मोठा भाग होता. दांडेकरांनींही ख्रिस्ती मतावर आक्षेप घेण्यास कमी केलें नाहीं. नारायण वामन टिळक ह्यांचा मार्ग निराळा होता. १८९५ सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों, असें ते मानीत. तुकाराम तर विठ्ठलाचा भक्त. टिळकांनीं विठ्ठलाची मूर्ति घरीं आणिली नाहीं, आणि त्या भक्ताच्या अंतःकरणांतील तळमळ खोटी होती असेंही ते म्हणाले नाहींत. उत्तरेकडील तिसरें उत्तर मराठींत अशा रीतीनें उमटलें.

तिन्ही उत्तरांची पारख

आतां हीं उत्तरें तोलून पाहूं. देव माणसांचे झाले, ह्या दुसऱ्या उत्तरांत कांहीं तथ्य आहे. मराठवाड्यांत व इतरत्र गांवाच्या वेशीपाशीं वीरगळ आढळतात. लढाईंत किंवा गुरें राखतांना पडलेल्या वीराचा तो दगड. पुढें कित्येक ठिकाणीं त्यास शेंदूर लागतो व नवस होतात. परंतु एका दगडावरून सर्व देवांचा उलगडा होत नाहीं. पंडितांनीं ओदिन व ट्रॉय नगर ह्यांचा जोडलेला संबंध आज कोणी अभ्यासक मानीत नाहीं. ‘एसिर’ शब्दाचा आशिया खंडाशीं कांहीं संबंध नाहीं हें भाषाशास्त्रानें दाखविलें आहे. शेजाऱ्याच्या देवाची उत्पत्ति आपण मनानें रचून सांगितली, तर शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची आज्ञा तेथेंच मोडते.

एल्फ्रिकाची चूकही आपण करूं शकतों. पुस्तकांत म्हसोबास महिषासुराशीं जोडलेलें आढळतें. तें खरें असो वा नसो, बांधावरच्या शेंदरी दगडापुढें नारळ फोडणारा शेतकरी असुराची पूजा करीत नसतो. त्याच्या मनांत रानाचा राखणदार असतो, आणि रात्रीं पिकांत एकट्यानें जागणाऱ्या माणसाची भीति असते. त्याचा देव कोण हें त्यालाच विचारावें. त्याची भीति कळली, म्हणजे त्याला कोणती सुवार्ता सांगावी हेंही कळतें.

पहिल्या उत्तराविषयीं एवढेंच म्हणतों कीं, सैतानाचें कार्य ओळखावयाचें तर तें शेजाऱ्याच्या देवळाआधीं आपल्या घरांत शोधावें. हेवा, मद्यपान, मंडळींतील तट व जातीचा अभिमान हीं भुतें बाप्तिस्म्याच्या पाण्यानें आपोआप बुडत नाहींत. मूर्ति ही कांहीं नाहीं, देव एकच आहे, असें पौल स्पष्ट सांगतो. जें कांहीं नाहीं, त्यास शिव्या देण्यांत तरी काय अर्थ?

एका जुन्या पत्राची शिकवण

बोलावें कसें, ह्याविषयीं एक उत्तम पत्र आहे. इ. स. ७२३ च्या सुमारास इंग्लंडांतील विंचेस्टरचे बिशप दानिएल ह्यांनीं जर्मनींत सुवार्ता सांगणाऱ्या बोनिफासास तें लिहिलें. हा बोनिफास म्हणजे ज्यानें गाइस्मार येथें थॉराचा पवित्र ओक वृक्ष तोडला तोच. दानिएल त्यास कळवितात कीं, लोक आपल्या देवांच्या वंशावळी सांगतील, त्यांस लागलेंच खोडूं नको. सांगूं दे. मग शांतपणें विचार : हे देव जन्मले, तर त्यांस आरंभ होता, मग त्यांच्या आधीं जग कोण चालवीत होतें? अपमान न करितां, न चिडवितां, सौम्यपणें विचार.

पण त्याच पत्रांत एक वाईट युक्तिवादही आहे. ख्रिस्ती लोकांजवळ तेल-द्राक्षारसाच्या सुपीक भूमि आहेत, आणि मूर्तिपूजकांस थंडीनें गारठलेले देश उरले आहेत, हें दाखवून दे, असें दानिएल सुचवितात. वाचकहो, बीड जिल्ह्याच्या कोरडवाहू शिवारांत हा युक्तिवाद घटकाभरही टिकणार नाहीं. पाऊस दोघांच्याही रानावर सारखाच पडतो, आणि सारखाच दगा देतो. ऊसतोडीच्या टोळींत कोयता उचलणाऱ्याचा धर्म कोणी पाहत नाहीं. भाकरीच्या लोभानें जो आला, तो भाकरीच्या लोभानें जाईलही.

आजीस काय सांगावें?

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. आजी विचारते, “माझ्या आईनें हात जोडले, तें कोणाला पोंचलें?” राडबोदास मिळालेलें उत्तर तिला देऊं नये. तें उत्तर देण्याचा अधिकार आपणांस दिलेला नाहीं. न्यायासन देवाचें आहे. पौलानें अथेनैकरांस सांगितलें कीं, अज्ञानाच्या काळाकडे देवानें डोळेझांक केली, आणि तो आपल्यांतील कोणापासूनही दूर नाहीं. त्याबरोबरच, आतां सर्वांनीं वळावें अशी त्याची आज्ञा आहे, हेंही त्यानें सांगितलें. हीं दोन्ही वाक्यें एकत्र धरावीं. पहिलें सोडलें तर आपण निर्दय होतों, आणि दुसरें सोडलें तर आपल्याजवळ सांगण्यासारखें कांहीं उरत नाहीं.

तेव्हां आजीस म्हणावें : “आजी, तुझ्या आईची लेंकरें पटकीनें मरत होतीं, म्हणून तिनें हात जोडले. मरीआई कोण, ह्याविषयीं आम्ही वाद घालीत नाहीं. पण तुझ्या आईचें रडणें ज्यानें ऐकलें, तो एकच आहे, आणि तो तिचें नांव विसरलेला नाहीं. त्याचें नांव तिला कोणी सांगितलें नाहीं. तुला सांगितलें आहे.”

मंडळींत चर्चेसाठीं प्रश्न

१. तुमच्या गांवच्या एका देवाविषयीं तेथील पूजकांस काय वाटतें, हें तुम्हीं कधीं त्यांसच विचारलें आहे काय?
२. राडबोद राजास तुम्हीं काय उत्तर दिलें असतें?
३. स्टीफन्स ह्यांनीं ‘वैकुंठ’ शब्द वापरला, तें योग्य झालें काय? अशा शब्दानें समज वाढतो कीं घोटाळा होतो?
४. लिंबागणेशासारख्या गांवीं यात्रेच्या दिवशीं ख्रिस्ती कुटुंबानें शेजाऱ्यांशीं कसें वागावें? तहानलेल्या यात्रेकरूस पाणी देणें ही साक्ष होईल काय?